क्लासिकलचे सीडी बॉक्स सेट जमवताय? या चुका टाळा

१९९१ ला मोझार्टच्या मृत्यूला २०० वर्षं झाली तेव्हा फिलिप्स या रेकॉर्ड कंपनीने त्याचं जवळजवळ सगळं संगीत १८० सीडींवर काढलं होतं. २०१६ ला डेक्का आणि डॉइचे ग्रामोफोन म्हणजे डीजी, दोघांनी मिळून मोझार्ट २२५ काढला, २०० सीडींचा, आणि २०१८ ला बाख ३३३ आला त्यात २२२ सीडी. एका सीडीमागे किती पडतात याचा हिशोब केला तर सुट्ट्या सीडीपेक्षा खूपच स्वस्त, त्यामुळे वेस्टर्न क्लासिकल ऐकणाऱ्याला बॉक्स सेटचा, म्हणजे एका पेटीत भरलेल्या अशा सीडींच्या संचाचा, नाद लागणारच आणि लागावा असं माझं मनापासून मत आहे. पण मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, आणि पेटी हातात घेऊन मागची यादी वाचायची, काउंटरवरच्या जाणकार माणसाला दोन प्रश्न विचारायचे ही सोय आपल्याकडे फारशी उरली नाही. आता बहुतेक जण फोटो बघून बाहेरून मागवतात, वर शिपिंग, वर कस्टम्स, आणि परत पाठवायचा खर्च एवढा येतो की चुकीचा सेट आला तरी गुपचूप ठेवून घ्यावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच की पेटीवरचं नाव बघून घेऊ नका, आतल्या प्रत्येक डिस्कवर कोण वाजवतंय, कुठे आणि कुठल्या साली, ते वाचून मग घ्या. पुढच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

"कम्प्लीट" शब्दावर विसंबणं

कम्प्लीट म्हणजे त्या कंपनीकडे जेवढं आहे तेवढं सगळं, एवढाच अर्थ घ्यायचा. आपल्या मुंबईत जन्मलेले कंडक्टर झुबीन मेहता घ्या. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरची त्यांची गाजलेली रेकॉर्डिंग डेक्कावर, १९७२ चं सदरलँड आणि पाव्हारोत्तीचं तुरांदोत, म्हणजे पुच्चीनीचा ऑपेरा, तोही डेक्कावरच. पण १९७८ ते १९९१ ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला होते त्या काळातलं बरचसं काम सीबीएसकडे, म्हणजे आता सोनीकडे, आणि लिओन्टीन प्राइस आणि डोमिंगोचं १९६९ चं इल त्रोवातोरे आरसीएचं, तेही आता सोनीच्याच घरात. म्हणजे "मेहतांचा बॉक्स" असं एकच काही नाहीच, कुठल्या कंपनीचा ते आधी विचारावं लागतं. कंडक्टर बर्नस्टाइनने केलेल्या मालरच्या सिंफनींचं तसंच, १९६० च्या दशकातलं सोनीकडे आणि १९८० च्या दशकातलं डीजीकडे, आणि दोन्ही इतकी वेगळी आहेत की एकाची तहान दुसऱ्यावर भागत नाही.

यात कंपन्यांची खरेदी-विक्री झालीय ती पण माहीत असू द्या. ईएमआयचा क्लासिकल विभाग २०१३ ला वॉर्नरकडे गेला, म्हणून जुना ईएमआयचा सेट नवीन छापात शोधताना वॉर्नर असं शोधा. फिलिप्सचं जुनं रेकॉर्डिंग आता डेक्काच्या नावाने येतं. हायपेरियन २०२३ पासून युनिव्हर्सलचं आहे.

"सगळं एका झटक्यात" म्हणून संगीतकाराची पेटी घेणं, वादन न बघता

ही चूक सगळ्यात जास्त होते म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. बाखच्या चर्चसाठीच्या कंटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांचे पूर्ण सेट एकाहून जास्त आहेत. टेलडेक कंपनीचा, आर्नोंकूर आणि लेओनहार्ट या कंडक्टरांचा सेट १९७१ ते १९८९ असा जवळजवळ वीस वर्षं चालला होता, जुन्या पद्धतीची वाद्यं, सोप्रानोच्या जागी बहुतेक ठिकाणी लहान मुलगे, कधी सूर हलतो पण त्यात एक ओढ आहे. रिलिंगचा हेन्स्लरवरचा सेट आधुनिक वाद्यांवर आणि स्त्री गायिका घेऊन. ब्रिलियंट क्लासिक्सच्या स्वस्त पेटीतला लॉइसिंकचा सेट १९९९-२००० मध्ये फार घाईत झाला आणि ती घाई काही ठिकाणी ऐकू येते, तरी बरेच कंटाटा त्यात छान उतरलेत. आता कोणी विचारलं "बाखचा पूर्ण सेट कुठला घेऊ" तर उत्तर द्यायच्या आधी मी हेच विचारणार की तुला मुलाचा आवाज चालतो का, जुन्या वाद्यांचा तो थोडा खरखरीत रंग आवडतो का, कारण नाही आवडला तर दीडशे सीडी कपाटात पडून राहतात.

हायडनच्या १०४ सिंफनींचं पण तेच. दोरातीचा डेक्कावरचा सेट १९६९ ते १९७२ एवढ्यात उरकलेला, त्यामुळे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातचा वाटतो. अॅडम फिशरचा सेट आयझेनश्टाटला एस्टरहाझी राजवाड्याच्या हायडन हॉलमध्ये १९८७ ते २००१ असा रेकॉर्ड झाला, तेवढ्या वर्षांत वाजवायची पद्धतच बदलत गेली आणि एकाच पेटीत तो फरक कानाला कळतो. दोन्ही ३३ सीडींचे, दोन्ही उत्तम, पण घेण्याआधी यूट्यूबवर किंवा स्ट्रीमिंगवर दोन-चार सिंफनी दोन्हींकडच्या ऐका, सुरुवातीच्या एक-दोन आणि शेवटच्या लंडन सिंफनींपैकी एक-दोन. फुकट आहे, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तेच रेकॉर्डिंग दोनदा विकत घेणं

कंडक्टर कारायानने बीथोव्हेनच्या नऊ सिंफनी एकदा नाही चारदा रेकॉर्ड केल्या. १९५० च्या दशकात फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर ईएमआयसाठी, मग बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर डीजीसाठी १९६१-६२, १९७५-७७ आणि १९८० च्या दशकात डिजिटल. आता डीजीने कारायान १९६० चं दशक, १९७० चं, १९८० चं अशा वेगळ्या पेट्या काढल्या, वर ३८ सीडींची सिंफनी एडिशन काढली, आणि सिंफनी एडिशनमधला बीथोव्हेन १९७० च्या दशकातलाच आहे, तोच जो १९७० च्या पेटीत आहे. वर लिहिलेलं नाव वेगळं, चित्र वेगळं, आतला माल बराचसा एकच. म्हणून एक साधी एक्सेल शीट करा, रचना, कंडक्टर किंवा वादक, ऑर्केस्ट्रा, रेकॉर्डिंगचं साल, कुठल्या पेटीत कितवी डिस्क. साल हा कॉलम सोडू नका, कारण एकाच माणसाने तीच रचना दोनदा वाजवली असेल तर ओळखायला तेवढाच आधार असतो. पियानिस्ट ग्लेन गुल्डचं बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स १९५५ चं आणि १९८१ चं, नाव तेच, कंपनी तीच, आणि ऐकायला जमीन-अस्मानाचा फरक.

"रीमास्टर्ड" लिहिलंय म्हणून तोच सेट परत घ्यायचा मोह पण होतो. कधी खरंच फायदा असतो, मूळ टेपवरून नीट परत काम केलेलं असतं, कधी नुसता आवाज वाढवलेला असतो. आधी ऐकून बघा, स्ट्रीमिंगवर बहुतेक वेळा दोन्ही रूपं मिळतात.

ओरिजिनल जॅकेट आणि वेळेचं गणित

"ओरिजिनल जॅकेट" पेटी म्हणजे जुन्या एलपीची मुखपृष्ठं छोट्या पुठ्ठ्याच्या पाकिटांवर छापलेली, आणि प्रत्येक डिस्कवर त्या एलपीवर होतं तेवढंच, म्हणजे कधी कधी चाळीसच मिनिटं. सीडीवर तर ७४-८० मिनिटं सहज मावतात. त्यामुळे "५० सीडी" आणि "३५ सीडी" अशा दोन पेट्यांमध्ये पन्नासवाल्यात जास्त संगीत असेलच असं नाही. याच्या उलट गच्च भरलेल्या पेट्या, त्यात एक डिस्क वाचवायला सिंफनी मध्येच तोडलेली असते, तिसरी मूव्हमेंट म्हणजे तिसरा भाग एका डिस्कवर आणि चौथी दुसरीवर. मालरची तिसरी सिंफनी दीड तासाच्या वर जाते, ती तुटणारच, पण सत्तर मिनिटांची रचना तोडलेली बघितली की मला तरी फार त्रास होतो. ट्रॅकची यादी वाचा.

ऑपेरा ऐकणाऱ्यांनी लिब्रेटो, म्हणजे ऑपेराच्या शब्दांची पुस्तिका, आहे का ते विचारून घ्या. स्वस्त पेट्यांत तो नसतोच, किंवा सीडीरॉमवर असतो, किंवा वेबसाइटचा पत्ता दिलेला असतो आणि काही वर्षांनी ती लिंक चालत नाही. लिंक असेल तर पहिल्याच दिवशी पीडीएफ उतरवून ठेवा.

पेटी आली की तशीच कपाटात ठेवणं

आल्या आल्या सगळी पाकिटं उघडून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मोठ्या पेट्यांत एक डिस्क दोनदा आणि एक गायब असा प्रकार होतो, किंवा छापलंय बरोबर पण आत वेगळंच संगीत असतं. लगेच कळवलं तर विक्रेता किंवा कंपनी डिस्क बदलून देते, दोन वर्षांनी सांगितलं तर कोण देणार.

पुठ्ठ्याची पाकिटं फार घट्ट असतात. डिस्क बोटाने खेचून काढू नका, पाकिटाच्या कडा हलक्या दाबून तोंड उघडा आणि तिरकं करून डिस्क हातात घसरू द्या. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. आणि बरेच जण खालची चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू खाली करून टेबलावर कशीही टाकतात, पण धातूचा थर त्या छापाच्या अगदी खालीच असतो, खाली तर मिलिमीटरभर जाड पॉलिकार्बोनेट आहे. वरच्या बाजूला खोल ओरखडा गेला की तेवढा डेटा गेला, खालचा ओरखडा एक वेळ पॉलिश होऊ शकतो.

मुंबई, कोकण, गोवा इकडच्या लोकांनी पावसाळ्याचं बघा. डिस्कपेक्षा पुठ्ठा आणि बुकलेट आधी खराब होतात, बुरशी धरते, पानं एकमेकांना चिकटतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.

जुने सेट घेताना हे बघितलंच पाहिजे

सेकंडहँडमध्ये १९८० आणि ९० च्या दशकातले ते जाड डबे येतात, ऑपेराचे खास करून. त्यात डिस्कवर फोमचा पातळ गोल तुकडा ठेवलेला असायचा. तो फोम काळाबरोबर विरघळल्यासारखा होतो, चिकट होतो आणि डिस्कच्या छापील बाजूला बसतो, कधी खालचा थरच खातो. असा डबा घरात असेल तर आजच उघडा आणि फोम फेकून द्या, त्या जागी काहीही ठेवायची गरज नाही.

दुसरं म्हणजे डिस्क तपकिरी पडणं. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला पीडीओ नावाचा कारखाना होता, तिथे साधारण १९८८ ते १९९३ मध्ये बनलेल्या काही डिस्कमध्ये ॲल्युमिनियमऐवजी चांदीचा थर होता आणि वरचं लॅकर पाकिटाच्या कागदातल्या गंधकाला टिकलं नाही. चांदी काळवंडते तसंच हे. कडेकडून तांबूस-तपकिरी रंग आत सरकत जातो. हायपेरियन, एएसव्ही, पर्ल अशा लेबलांच्या डिस्कमध्ये हे जास्त दिसतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेचा भाग म्हणजे शेवटचे ट्रॅक, आणि तुमच्याकडे एखाद्या जुन्या डिस्कच्या फक्त शेवटच्या मूव्हमेंटला कटकट आवाज येत असेल तर प्लेअर उघडायच्या आधी डिस्क उजेडात धरून बघा, आतल्या गोलावर "मेड इन यू.के. बाय पीडीओ" आहे का वाचा. यावर इलाज नाही, वाचतंय तोवर रिप, म्हणजे कॉम्प्युटरवर फाइल करून, ठेवून घ्या.

रिप करताना

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरॲम्प, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम वापरा, आणि फाइल फ्लॅकमध्ये करा, त्यात आवाजातलं काही कमी होत नाही. एमपी३ करू नका, परत दोनशे सीडी घालायची ताकद कोणात नसते. ॲक्युरेटरिप चालू ठेवा, ते तुमचं रिप इतरांच्या रिपशी ताडून बघतं. जुळलं नाही म्हणजे खराबच असं नाही, वेगळा छाप असू शकतो, पण एरर दाखवत असेल तर डिस्क पुसून, नाही जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघा. ८० मिनिटांच्या वर गेलेल्या डिस्क काही जुन्या ड्राइव्हना आणि प्लेअरना शेवटाला झेपत नाहीत, तिथे डिस्क खराब नसते.

जुन्या, १९८० च्या दशकातल्या काही सीडी, जपानी छापाच्या आणि डेनॉनच्या खास करून, रिप केल्यावर व्हायोलिन टोचतात, सगळं पातळ आणि कर्कश वाटतं, पण प्लेअरवर छान वाजतात. याचं कारण प्रीएम्फसिस. वरच्या सुरांना मुद्दाम उठाव देऊन ते रेकॉर्ड केलेलं असतं आणि प्लेअर डिस्कवरची खूण वाचून तो खाली आणतो, फाइलमध्ये मात्र तसाच राहतो. सॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये यासाठी फिल्टर आहे.

टॅगचं, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या रचना-वादकाच्या माहितीचं, तर विचारू नका. ऑनलाइन डेटाबेसवर कोणी कंपोझर आर्टिस्टच्या जागी टाकलाय, कोणी कंडक्टर, द्वोर्झाकचं स्पेलिंग चार प्रकारचं. सगळी पेटी एकदम रिप करायला बसू नका, जी ऐकायचीय ती डिस्क त्या दिवशी रिप करा आणि टॅग तेव्हाच तुमच्या एका ठरलेल्या पद्धतीत सुधारा. आणि प्लेअर ॲप गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता, वाजवतंय ना ते तपासा, बीथोव्हेनच्या पाचवीत तिसऱ्यातून चौथ्या मूव्हमेंटमध्ये जाताना मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली तर त्या जागेचा जीवच जातो.

एसएसीडी, ब्लू-रे आणि वाढलेले भाव

एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी. हायब्रिड एसएसीडीत साध्या सीडीचा थरही असतो म्हणून ती साध्या प्लेअरवर सीडी म्हणून चालते, पण सिंगल लेयर एसएसीडी अजिबात चालत नाही. काही पेट्यांत ब्लू-रे ऑडिओ डिस्क असते तिलाही ब्लू-रे प्लेअरच लागतो, ती बोनस समजा, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

मोठे बॉक्स मर्यादित छापतात आणि संपले की भाव चढतात, मर्क्युरी लिव्हिंग प्रेझेन्सची २०१२ ची पहिली पेटी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. घाबरून तिप्पट भावात घेऊ नका. कंपन्या बरेचदा तेच रेकॉर्डिंग वेगळ्या पेटीत परत काढतात, आणि हवी असलेली पाच-सहा रेकॉर्डिंग सुट्ट्या सेकंडहँड सीडीत त्याच्या पाव भावात मिळतात. पण जे खरंच ऐकणार आहात आणि आत्ता रास्त भावात आहे ते मात्र पुढच्या वर्षी बघू म्हणून सोडू नका, ते निघून जातं.