हुंकारावर चालणारी कादंबरी: मुलांसाठी अद्भुतकथा कशी लिहावी

‘गोष्टीत मोठी शक्ती असते’ हे वाक्य मुलांच्या कादंबरीत कुठेही लिहू नये. त्या शक्तीला एक नियम द्यावा आणि तो पहिल्याच प्रकरणात घटनेतून दाखवावा. असा नियम खानदेशात ओट्यावरच सापडतो. रात्री गोष्ट ऐकताना कुणीतरी हुंकार द्यायचा असतो आणि हुंकार थांबला की आजीही थांबते. मग आपल्या कादंबरीत हुंकार मिळेल तोवर गोष्टीतले प्राणी अंगणात येत राहावेत आणि ऐकणारा पेंगला की ते असतील तिथेच अडकावेत.

समजा, आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस आहे. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवून वाढवत, पालथ्या खापरावर अलगद टाकत आजी उंटाची गोष्ट सांगते आहे. नातवाला डुलकी लागते. उंटाचे पुढचे पाय स्वयंपाकघरात आलेले आणि मागचे अजून गोष्टीतच! नातू दचकून विचारतो, “मंग काय व्हयनं?” आणि नेमके पुढचे आजीला आठवत नाही. इथे लेखकाने अजिबात घाई करू नये, कारण उंटाने मांडा खाल्ला तर तो कुठे जाईल आणि शेजारीण डोकावली तर तिला काय सांगायचे, असल्या घरगुती अडचणींतच मुले सर्वाधिक रमतात.

नियमाला खोटही असावी. न ऐकता दिलेल्या हुंकाराने गोष्टीतले काहीतरी गळून पडते: वाघाचे पट्टे, राजाची दाढी. ते शोधायला मुलांना रावेरच्या केळीबागांतून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पाठवता येईल. एरंडोलजवळच्या फरकांड्याचे झुलते मनोरे प्रसिद्ध आहेत. एक हलवला की दुसरा हलायचा अशी त्यांची ख्याती असल्याने सांगणारा आणि ऐकणारा यांच्यासाठी त्यांच्याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत लिहावेत. मात्र धुळ्याकडची अहिराणी आणि बहिणाबाई चौधरींची (1880–1951) लेवा गणबोली एकाच तोंडी घालू नये. कंसात अर्थ देणेही टाळावे, मुले अंदाजाने समजून घेतात.

खर्डा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि हुंकार तुटेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. माझ्या खर्ड्यात सर्वाधिक खुणा राजवाड्याच्या वर्णनावर पडल्या होत्या. तो अख्खा राजवाडा मी काढून टाकला.