बाहेरचं टेंपरेचर: मिनेसोटात नव्याने उतरलेल्यांसाठी

ऑगस्ट-सप्टेंबरात इकडे उतरलेली मंडळी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये हमखास एक वस्तू घेतात. घरात डिस्प्ले आणि बाहेर सेन्सर असलेला वायरलेस थर्मामीटर. मग डिसेंबरात मला फोन येतो, "काका, बाहेरचं दिसत नाहीये, नुसत्या रेघा येतायत." दर वर्षी तोच फोन, म्हणून यंदा लिहूनच टाकतो.

बाहेरच्या सेन्सरमध्ये लिथियमचेच सेल घाला. परत सांगतो, लिथियमचेच. साध्या अल्कलाइन सेलच्या आत पाण्यात कालवलेलं रसायन असतं, ते शून्य फॅरेनहाइटच्या खाली गेलं की मान टाकतं (इथून पुढचे तापमानाचे सगळे आकडे फॅरेनहाइटचेच). लिथियमचे उणे ४०पर्यंत चालतात. रिचार्जेबल तर नकोच, त्यांचा व्होल्टेज मुळात १.२, थंडीत त्यात काही उरत नाही. ३० जानेवारी २०१९ला मिनियापोलिसात उणे २८ होतं, राज्यभर बऱ्याच शाळा बंद, आणि ज्या दिवसासाठी यंत्र घेतलं होतं नेमक्या त्या दिवशी माझ्या डिस्प्लेवर दोन रेघा. आत डॉलरच्या दुकानातले सेल होते. आपली माणसं साठ हजारांची गाडी घेतील, पण सेल घेताना हात आखडतो. मीही त्यातलाच होतो. घरातल्या डिस्प्लेला साधे सेल चालतात.

जोडणी करताना दोन्ही वस्तू टेबलावर हातभर अंतरावर ठेवा. आधी सेन्सरमध्ये सेल, मग डिस्प्लेमध्ये. दोन्हींचा चॅनल, म्हणजे दोघं ज्या क्रमांकावर एकमेकांशी बोलतात तो, एकच हवा. त्यानंतर पंधरा मिनिटं कुठलंही बटण दाबू नका. आपल्याला हे जमत नाही, आपण लिफ्टचंही बटण चारदा दाबतो. आकडा दिसला तरी तासभर दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या. दोघांचे आकडे एक-दोन अंशांत जुळले तर यंत्र ठीक, पाच-सहाचा फरक असेल तर दुकानात परत करा. पुढे कधी रेघा आल्या आणि सेल नवे असले, तर दोन्हींचे सेल काढून हेच सगळं पहिल्यापासून.

खोक्यावर दोनशे फूट लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. इथल्या घरांच्या स्टको, म्हणजे गिलावा केलेल्या, भिंतीत तारेची जाळी असते, नव्या खिडक्यांच्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, आणि रेडिओला हे दोन्ही आवडत नाहीत. डिस्प्ले फ्रिजवर ठेवू नका, सेन्सरच्या बाजूच्या खोलीत ठेवा.

आता सेन्सर टांगायचा कुठे. उत्तरेच्या बाजूला, वळचणीखाली, छातीच्या उंचीवर. ऊन पडलं की तो हवेचं नाही, स्वतःच्या प्लॅस्टिकचं तापमान सांगतो. डेकच्या कठड्याशी खाली ठेवलात तर एका वादळात बर्फाखाली जातो, आणि बर्फ म्हणजे गोधडी, बाहेर उणे ५ असताना आतून २४ दाखवेल. आणि कपडे वाळवायच्या ड्रायरची गरम हवा भिंतीतून जिथे बाहेर पडते, तिथून लांब. हे मला महागात पडलंय.

माझा सेन्सर त्या तोंडाच्या दोन फूट वर होता. खिळा आधीच मारलेला होता, म्हणून तिथे. जानेवारीत मुलांच्या ओल्या स्नो पँट्स रोज रात्री ड्रायरमध्ये. झोपण्यापूर्वी बघितलं तर बाहेर १४. फोनवर उणे १२ होतं, पण मीच सगळ्यांना सांगत फिरायचो की फोनवाला आकडा विमानतळाचा, आपल्या घराचा नव्हे. १४ म्हणजे आपल्याला आता उकाडाच, असं म्हणून घराच्या हीटिंगचा थर्मोस्टॅट ६०वर आणला आणि झोपलो. किचनचं सिंक उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीला. त्याखालच्या कपाटाची दारं बंद, म्हणजे घरातली ऊब आतल्या पाइपपर्यंत पोचत नाही. सकाळी नळाला थेंब नाही. तरी ऑफिसला गेलो. दुपारी बायकोचा फोन, कपाटाखालून पाणी येतंय. पाइप रात्रीच फुटला होता, बर्फ वितळेपर्यंत कळलं नाही एवढंच. विम्याच्या आधी खिशातले अडीच हजार डॉलर गेले, आणि लाकडी फरशीचा एक पट्टा आजही बाकीच्यांपेक्षा फिका आहे. पाहुणे विचारतात, बायको सांगते.

तर शून्याच्या खाली जाणार असेल तर कपाटाची दारं उघडी, नळाला बारीक धार, थर्मोस्टॅट खाली आणायचा नाही. आणि घरचा आकडा नि फोनचा आकडा यांत दहा-पंधराच्या वर फरक असला तर आधी स्वतःच्या खिळ्यावर संशय घ्या.

यंत्र वाऱ्याचं काही सांगत नाही. शून्य असताना ताशी १५ मैल वारा असेल तर अंगाला उणे १९ लागतं, आणि उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. मुलांना बसस्टॉपवर सोडताना फोनवर विंड चिल बघा.

सेल्सिअस करून ठेवू नका. शाळा, थर्मोस्टॅट, बातम्या सगळं फॅरेनहाइटमध्ये. उणे ४०ला दोन्ही एकच होतात, तेव्हा करा हवं तर. राज्याचा विक्रम उणे ६०चा आहे, टॉवर गावचा, २ फेब्रुवारी १९९६. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी वाचत मोठे झालेलो आपण, हा आकडा घरी फोनवर सांगितला तर आई म्हणते मीटर बिघडलंय.

डिस्प्लेवर घरातली आर्द्रताही येते, तिकडे कुणी बघत नाही. बाहेर उणे १० असेल तर आत वीस-पंचवीस टक्केच बरी. नाक कोरडं पडतं म्हणून ह्युमिडिफायर चाळीसवर लावतात, त्यात कुकरच्या शिट्ट्या, इडलीचं भांडं, चहा. मग खिडकीच्या काचेला आतून बर्फ, चौकटीला काळी बुरशी, आणि घर सोडताना डिपॉझिटवरून भांडण. इडली करताना एक्झॉस्ट लावा.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आणखी एक. जुलैत एका नव्या जोडप्याकडे बाहेरचं टेंपरेचर शून्य दाखवत होतं. दोन नवे सेन्सर झाले, तिसरा मागवायच्या बेतात होते. शेजाऱ्याने आपला सेन्सर डीप फ्रीजरमध्ये ठेवला होता, दोघांचाही चॅनल १. सेन्सरच्या मागे झाकणाखाली बारीक खटका असतो, तो ३वर सरकवा आणि डिस्प्लेवरही ३ करा.

डिस्प्लेवरचं घड्याळ आपोआप लागणारं असेल तर रात्री खिडकीपाशी ठेवा, त्याचा सिग्नल कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून येतो आणि अंधारात चांगला पोचतो. टाइम झोन मात्र हाताने सेंट्रल करावा लागतो.