बोटीवरचा बर्फ दुसऱ्याच दिवशी संपतो? या चुका टाळा

ऑक्टोबर लागला, पाऊस सरला, शिडं बाहेर निघाली की कुणीतरी नवीन बोटवाला मला हमखास विचारतो, ताई, बर्फ दोन दिवसपण टिकत नाही, कुठला आईसबॉक्स घेऊ? मी उलट विचारते की निघायच्या दिवशी पेटीत काय काय भरलं होतं, आणि उत्तर ठरलेलं असतं, जे बाजारातून आणलं ते सगळं. मग नवीन पेटी घेऊन काय होणार?

आमची बोट २६ फुटी, फ्रिज नाही, केबिनमध्ये साधारण ६० लिटरची पेटी आहे आणि तिच्यावर आम्ही मुंबई ते रत्नागिरी, कधी पुढे मालवणपर्यंत जाऊन येतो. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. बर्फ वस्तू थंड करायला नसतो, थंड झालेली वस्तू थंड ठेवायला असतो.

गरम सामान बर्फावर ओतणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता खातो, त्यापेक्षा जास्त नाही, पेटी कितीही महाग असू दे. आता ३२ अंशाच्या पाण्याच्या, सोड्याच्या मिळून १० लिटर बाटल्या आत टाकल्या आणि त्या ४ अंशावर यायला हव्यात, तर २८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साडेतीन किलो बर्फ गेला. पंधरा किलोची लादी घेतली असेल तर जवळजवळ पाव लादी नुसती बाटल्यांनी खाल्ली आणि तुम्ही अजून बंदराच्या बाहेरपण पडलेला नसता. वर पेटी स्वतःच रात्रभर बंद केबिनमध्ये तापलेली असते ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत एका मित्राच्या नव्या बोटीवर आम्ही चौघं रत्नागिरीला निघालो होतो. निघताना घाई, मतलई वारा (रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) पडायच्या आत बाहेर पडायचं होतं, म्हणून दोन क्रेट कोल्ड्रिंक गाडीच्या डिकीतून थेट पेटीत गेलं. मी बघत होते आणि पहिलाच दिवस आहे त्याचा, कशाला टोका, म्हणून गप्प बसले, ते मी करायला नको होतं. मग दिवसभर झाकण उघड-बंद, एकाला सोडा हवा, दुसऱ्याला लिंबू सापडत नाही, तिसरा नुसताच बघतोय बर्फ किती राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्णैला नांगर टाकला तेव्हा मूठभर चुरा वर तरंगत होता आणि पाणी कोमट होत चाललं होतं. तिथे लिलावात चकचकीत बांगडे मिळाले, डोळे काचेसारखे, ते पिशवीत बांधून त्याच पाण्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जयगडच्या अलीकडे तळून खाल्ले. वास नाही, चव छान, म्हणजे जराशी जिभेला झोंबल्यासारखी, ती आम्ही मसाल्यावर ढकलली. अर्ध्या तासात दोघांचे चेहरे लालबुंद, कानशिलं गरम, अंगावर गांधी, डोकं ठणकायला लागलं. जयगडला उतरून डॉक्टर गाठला तर त्यांनी पहिला प्रश्न केला, बांगडा खाल्लात का?

बांगडा, सुरमई, कुपा असले मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून, उकळून कशानेच जात नाही. वास येईलच असंही नाही. हर्णैचे मासे ताजेच होते, दोष आमच्या पेटीचा होता, आणि पेटीचा दोष मुंबईला त्या दोन क्रेटांनी सुरू झाला होता. थंड कोल्ड्रिंकच्या हट्टापायी दोन माणसं आजारी पडली, म्हणून मला या बाबतीत कुणी "चालतंय हो" म्हटलं की राग येतो.

मी काय करते ते सांगते. निघायच्या दोन दिवस आधी घरच्या फ्रीजरमध्ये एक-एक लिटरच्या बाटल्या, वर चार बोटं जागा सोडून, दगड होईपर्यंत गोठवते. आदल्या रात्री पेटीत थोडा स्वस्तातला बर्फ टाकून ठेवते, तो सकाळी फेकायचाच असतो, त्याचं काम फक्त पेटी गार करणं. सामान घरूनच थंड होऊन येतं, बाजारातून थेट काहीही आत जात नाही. बाटल्या वितळल्या की तेच प्यायचं पाणी. रोजची कोल्ड्रिंक वेगळ्या थर्माकोलच्या डब्यात, तो दिवसभर उघडा-झाका, मोठ्या पेटीला हात लावायचा नाही. आणि आत एक थर्मामीटर, साधा, स्वस्तातला. ५ अंशाच्या वर गेला की मासे, मटण, दूध आधी संपवायचं किंवा टाकून द्यायचं, वास घेत बसायचं नाही.

गाडीतला १२ व्होल्टचा कूलर

ऑनलाइन स्वस्तात मिळतो, कंप्रेसर नसतो, नवीन लोक हाच घेऊन येतात. तो बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशच खाली जातो, म्हणजे केबिनमध्ये ३४ असेल तर आत १४. त्यात मासा ठेवायचा? वर तो थांबत नाही, सतत ४-५ अँपिअर खेचतो, दिवसाला शंभरच्या आसपास अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास), आणि तुमची १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते. सकाळी इंजिन सुरू होत नाही, वायरलेस मुका. कंप्रेसरचा फ्रिजही चालू असताना तेवढाच करंट घेतो पण मधेमधे थांबतो, म्हणून ५०-६० वर भागतं. तरी १०० वॉटचं एक पॅनेल दिवसाला ३०-३५ देतं, तेपण त्याच्यावर शिडाची सावली पडली नाही तर. हा हिशोब आधी कागदावर करा. वायर जाड घ्या, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि फ्रिज आपोआप बंद होतो, मग लोक फ्रिजलाच शिव्या देतात.

बाकीच्या, थोडक्यात

चुरा नको, अखंड लादी घ्या, मोठा तुकडा हळू वितळतो. चुरा फक्त माशाच्या डब्यात, मासा आणि बर्फ सारख्या वजनाने.

बंदरावरचा मासळीचा बर्फ सरबतात घालू नका. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून पोटात घालावा असं मी म्हणणार नाही.

पेटीचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळच्या पोकळीत, सोडू नका, दोन दिवसांत अख्खी बोट घाण वास मारते. मी छोट्या हातपंपाने बादलीत काढते, आणि लादीला टेकलेलं थंड पाणी उगाच काढतही नाही, फक्त जेवणाचे डबे त्याच्यात बुडू देत नाही. ड्रेनची नळी असेल तर तिला वळसा द्या, नाहीतर थंड हवा तिथूनच वाहून जाते.

झाकणाचं रबर तपासा. कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज निघाली तर तिथून तुमचा बर्फ चाललाय. झाकणावर जुनी गोधडी घाला, दिवसा तरी.

ड्राय आईस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बंद केबिनमध्ये अजिबात नको. त्याचा वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो आणि माणसं खालीच झोपतात.

आणि निम्मं सामान पेटीत जायची गरजच नसते. कांदा, बटाटा, अंडी, लिंबं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, सुका बोंबील, कोकमाचं आगळ, सगळं बाहेर राहतं. सोलकढी करायची तर आगळ बाहेर आणि नारळ अख्खा ठेवायचा, दूध जेवायच्या वेळी काढायचं. काढून ठेवलेलं नारळाचं दूध दुपारपर्यंत आंबतं. पेटीच्या झाकणाला आतून मी पेन्सिलीने लिहिलेली यादी चिकटवत नाही, बाहेरून चिकटवते, कुठला डबा कुठल्या कोपऱ्यात ते लिहून, म्हणजे शोधायला उघडावं लागत नाही. या वेळी रत्नागिरीहून परत निघालो त्या सकाळी, चौथ्या दिवशी, आत विटेएवढा तुकडा शिल्लक होता आणि थर्मामीटर ४ वर.