कंपनीकडून एक्झिक्युटिव्ह एमबीएची फी अशी मंजूर झाली
वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात मी प्रॉडक्शनला आहे. फीसाठीचा अर्ज दोनदा 'बजेट नाही' म्हणून परत आला. फार जिव्हारी लागलं. पहिला जूनमध्ये दिला होता; दुसऱ्यात नुसती माझ्याच प्रगतीची भाषा होती.

तिसऱ्यांदा डिसेंबरातच लागलो, कारण आमचं ट्रेनिंग बजेट १ एप्रिलच्या आत ठरतं. आधी प्लँट हेड साहेबांना भेटलो, एचआरला नंतर. एका पानावर आमच्या प्रेसवर डाय (साचा) बदलायला जाणारा वेळ मांडला आणि एमबीएच्या प्रोजेक्टचा विषय तोच ठेवला. खाली पुण्यातल्या शनिवार-रविवारच्या वर्गांचं वेळापत्रक, आणि त्या दिवशी शिफ्ट कोण सांभाळणार त्याचं नाव. मग निम्मीच फी मागितली, तीही सेमिस्टर पास झाल्यावर. बदल्यात दोन वर्षं कंपनी न सोडण्याचा बाँड. मध्येच नोकरी सोडली तर परतफेड उरलेल्या महिन्यांपुरतीच, हे मात्र लिहून घ्याच. मंजुरीचं पत्र हातात आल्यावर प्रवेश घेतला.