मेगापिक्सेल भरपूर, सेटिंग भलतीच: या चुका टाळा

४५ किंवा ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला की पहिल्याच आठवड्यात कार्ड भरतं आणि लॅपटॉप रडकुंडीला येतो. मग माणूस जागा वाचवायला मेनूत शिरतो, दिसेल ते लहान करून टाकतो, आणि महिन्याभराने कळतं की वाचवलं भलतंच.

सगळ्यात मोठा घोळ आकार आणि दर्जा यांचा. एल, एम, एस हा आकार, म्हणजे फोटोत पिक्सेल किती. फाइन, नॉर्मल, बेसिक हा दर्जा, म्हणजे त्या पिक्सेलांची माहिती किती दाबून भरायची. निकॉनमध्ये फाइन साधारण १:४, नॉर्मल १:८ आणि बेसिक १:१६ इतकं दाबतं. कॅननने दोन्ही गोष्टी एकाच चिन्हात कोंबल्या आहेत: अक्षर आकाराचं, आणि शेजारची कमान गुळगुळीत असेल तर फाइल कमी दाबलेली, पायऱ्यापायऱ्यांची असेल तर जास्त. ‘पिक्सेल सोडायचे नाहीत’ या हट्टाने लोक एल तसाच ठेवतात आणि दर्जा बेसिकवर नेतात. पिक्सेल सगळे मिळतात, पण आकाशात चौकोनी ठिगळं दिसतात आणि फांद्यांच्या कडांना किडे लागल्यासारखं होतं. जागाच वाचवायची तर एम आणि फाइन घ्या. माझं मत ठाम आहे: दाबलेल्या मोठ्या फोटोपेक्षा स्वच्छ मध्यम फोटो कधीही बरा.

एस म्हणजे निम्मं, हाही एक गैरसमज. निकॉन डी८५० चं उदाहरण घ्या. एल ८२५६ × ५५०४, एस ४१२८ × २७५२. रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी, म्हणजे पिक्सेल उरले पाव: ४५ चे ११ मेगापिक्सेल. एम मात्र २५ च्या आसपास राहतो.

मग लागतात तरी किती? ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए४ प्रिंटसाठी २४८० × ३५०८, म्हणजे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. ए३ ला साधारण साडेसतरा. फोरके पडदा पूर्ण भरायला ८.३. म्हणजे २५ मेगापिक्सेलच्या एममधून ए३ छापूनही थोडी काटछाट करता येते. समारंभाचे फोटो त्याच दिवशी जेपेगमध्ये (कॅमेऱ्यातच तयार होणारी दाबलेली फाइल) द्यायचे असतील तर मी बिनदिक्कत एम लावतो. पक्षी लांब बसलेला असेल, नंतर कापावं लागणार असेल, किंवा तो क्षण परत मिळणार नसेल, तर एल आणि रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा). घरी गेल्यावर फोटो लहान करता येतो, मोठा करता येत नाही.

‘एस लावला तरी कार्ड भरतंच आहे’ ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर असतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत आकाराचं सेटिंग फक्त जेपेगला लागू होतं. रॉ पूर्णच्या पूर्ण उतरतं. तिथे आधी रॉ कसं साठवलं जातंय ते बघा. डी८५० चं १४ बिट रॉ न दाबता सुमारे ९२ एमबी होतं, लॉसलेस कॉम्प्रेस्ड केलं की ५२ च्या आसपास, आणि माहिती कणभरही जात नाही. हे सेटिंग असताना अनकॉम्प्रेस्ड लावून बसणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लहान आकाराचं रॉ काही कॅमेऱ्यांत मिळतं, पण कॅननच्या जुन्या एम-रॉ, एस-रॉ फाइल म्हणजे अर्धवट शिजवलेला माल. सेन्सरचा कच्चा डेटा त्यात जसाच्या तसा नसतो.

आता माझी स्वतःची फजिती. एका पहाटे पाणपक्ष्यांचे चारेकशे फोटो काढले आणि मनात म्हटलं, आज लेन्स फारच जवळ ओढतेय. घरी आल्यावर दिसलं की प्रत्येक फाइल २६ मेगापिक्सेलची. बोटाखालच्या एका बटणावर एपीएस-सी क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणारी सोय) नेमलेला होता आणि तो कधीतरी दाबला गेला होता. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) हे पटकन कळत नाही, कारण कापलेला भागच व्ह्यूफाइंडर भरून दाखवतो. दीडपट क्रॉप म्हणजे पिक्सेल सव्वादोनपट कमी, आणि तेव्हा रॉसुद्धा कापूनच लिहिलं गेलं होतं. परत आणायला काही उरलंच नव्हतं. त्या बटणावरून ते काम काढून टाका, आणि पहिला फोटो काढला की प्लेबॅकमध्ये पिक्सेलांचा आकडा वाचा. दोन सेकंदांचं काम आहे.

फाइलच्या माहितीत ७२ डीपीआय दिसलं म्हणून घाबरणारेही भेटतात. तो नुसता शिक्का आहे. ३०० करा नाहीतर ७२ ठेवा, पिक्सेल तेवढेच.

‘एल लावला की फोटो मऊ येतात, एममध्ये चांगले दिसतात’ यात मात्र थोडं खोल जावं लागतं. ६१ मेगापिक्सेलचा फोटो ९५०४ पिक्सेल रुंद. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर तो १०० टक्क्यांवर बघणं म्हणजे अडीच मीटरहून रुंद प्रिंटला नाक लावून बघणं. तिथे बारीकसा हादराही दिसणारच. एम तो हादरा बरा करत नाही, झाकतो. फोकल लेंथ (लेन्स किती जवळ ओढते तो आकडा) १०० मिमी असेल तर सेकंदाच्या १/१०० शटरवर भागत नाही. १/२०० किंवा त्याहून वेगवान शटर धरा. लेन्सच्या छिद्राचंही तसंच; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ/१६ ला विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश फाकतो त्यामुळे) प्रकाशाचा ठिपका साधारण २१ मायक्रॉन पसरतो, आणि या सेन्सरचा पिक्सेल आहे ३.७६ मायक्रॉनचा. एक ठिपका पाच-सहा पिक्सेलांवर सांडतो. सगळं धारदार हवं म्हणून एफ/१६ लावायचं आणि वर ६१ मेगापिक्सेलसाठी मोठं कार्ड घ्यायचं, हा दुहेरी तोटा. एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा. जवळपासून लांबपर्यंत सगळंच स्पष्ट हवं असेल तेव्हा एफ/११ पर्यंत चला, थोडी धार जाणार हे गृहीत धरून.

अंधारात एस लावला की नॉइज (फोटोतले दाणे) कमी होतो, असंही म्हणतात. लहान केल्यावर तो कमी दिसतो हे खरं, पण एलमध्ये काढून नंतर संगणकावर लहान केलं तरी जवळपास तेच मिळतं.

शेवटी राहिलं पिक्सेल शिफ्ट. १६ फोटो जोडून २४० मेगापिक्सेल करणारी ही सोय चित्रं, नाणी, जुनी कागदपत्रं यांच्यासाठी सुरेख आहे. ट्रायपॉड पक्का हवा आणि समोरची वस्तू निश्चल. झाडावर वापरून पाहिलीत तर हललेल्या प्रत्येक पानाभोवती जाळी उमटते, आणि वर १६ रॉ फाइली कार्डावर बसलेल्या असतात त्या वेगळ्याच.