एफपीजीए प्रकल्पाच्या गरजा कशा लिहाव्यात: सुरुवात चिपपासून नको, बेदाण्यापासून करा

गेली 12 वर्षं मी पुण्यात एफपीजीए डिझाइनचं काम करते. एफपीजीए म्हणजे आतलं लॉजिक नंतरही प्रोग्रॅम करून बदलता येईल अशी चिप. नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो: "ही चिप पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम करता येते ना? मग आत्ताच सगळं कशाला ठरवायचं?"

चिपच्या आतलं लॉजिक बदलता येतं, हे खरं आहे. 1985 मध्ये झायलिंक्स कंपनीची एक्ससी2064 ही एफपीजीए आली. तिच्यात जेमतेम 64 लॉजिक ब्लॉक होते, पण तिचं मोल याच गुणात होतं. बोर्डावर न लावलेली मेमरी मात्र नंतर प्रोग्रॅम करून उगवत नाही. कनेक्टरपर्यंत न आणलेली पिन, चुकीच्या व्होल्टेजची बँक (पिनांचा गट), कमी तापमान सोसणाऱ्या श्रेणीची चिप, यांपैकी काहीही चुकलं तर बोर्ड नव्यानेच करावं लागतं. म्हणून गरजा लिहिताना मी आधी दोन ढीग करते: सोल्डर झाल्यावर बदलणार नाही ते एकीकडे आणि कोडमध्ये बदलता येईल ते दुसरीकडे. पहिल्या ढिगाला वेळ द्यायचा.

हे कसं करायचं ते तासगावच्या एका कामातून सांगते. तिथल्या एका व्यापारी काकांना बेदाणा रंगावरून निवडणारं यंत्र हवं होतं. उतरत्या पन्हाळीवरून दाणे घसरतात, खाली कॅमेरा त्यांना पाहतो आणि पुढे हवेचा झोत खराब दाणा बाजूला उडवतो. काकांनी सांगितलेली गरज एका ओळीची होती: "ताई, काळा दाणा उडाला पाहिजे, बास."

मी आधी "काळा" म्हणजे काय ते ठरवून घेतलं. तीन बरण्या मागवल्या: चांगला, खराब आणि वादाचा. गोदामात हातांनी निवडणाऱ्या बायकांना त्या भरायला सांगितल्या. वादाची बरणी सगळ्यात आधी भरली. एकीने टाकलेला दाणा दुसरीने चांगल्यात ठेवला होता. मग काकांना बसवून त्या बरणीतला एकेक दाणा ठरवून घेतला आणि त्यातून नियम निघाला: 1 मिलिमीटरपेक्षा मोठा काळा डाग असलेला दाणा खराब. ग्राहकाचं विशेषण मोजता येईल अशा वाक्यात उतरेपर्यंत पुढे जाऊ नका. माझ्या अनुभवात इथे घालवलेले दोन दिवस पुढचे दोन महिने वाचवतात.

त्या 1 मिलिमीटरमधून पुढचे आकडे आपोआप येतात. डागावर आडवे निदान पाच पिक्सेल हवेत, म्हणजे एक पिक्सेल 0.2 मिलिमीटरचा. पन्हाळीची रुंदी 400 मिलिमीटर, म्हणून 2048 पिक्सेलचा लाइन कॅमेरा (एका वेळी चित्राची एकच ओळ टिपणारा) पुरतो. दाण्याचा वेग मी मोबाइलने मोजला: बाजूला पोलादी पट्टी लावून सेकंदाला 240 फ्रेमचं चित्रण केलं आणि दोन फ्रेममधलं अंतर पाहिलं. ते सरासरी साडेबारा मिलिमीटर भरलं, म्हणजे वेग सेकंदाला 3 मीटर. या हिशोबाने कॅमेऱ्याने सेकंदाला 15,000 ओळी घ्यायला हव्यात आणि तीन रंग धरून सेकंदाला साधारण 92 मेगाबाइट माहिती येणार. इथवर चिपचं नावसुद्धा कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता वेळ. काकांच्या फॅब्रिकेटरने कॅमेऱ्यापासून हवेचा झोत सोडणारं नोझल 150 मिलिमीटरवर ठेवलं होतं. पण सगळे दाणे एकाच वेगाने येत नाहीत, मोजणीत 2.8 ते 3.2 मीटर असा फरक दिसला. त्या अंतरावर सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान दाण्यात सुमारे 6.7 मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळपास 20 मिलिमीटरचा फरक पडतो. दाणाच 15 मिलिमीटरचा! इलेक्ट्रॉनिक्स कितीही चोख असलं तरी झोत शेजारच्या चांगल्या दाण्यावर गेला असता. आम्ही अंतर 60 मिलिमीटरवर आणायला लावलं, तेव्हा फरक 8 मिलिमीटरवर आला. म्हणून सांगते, गरजा लिहिताना पत्र्याचं काम करणाऱ्यालाही बैठकीत बसवा.

अंतर कमी केल्यावर वेळही आटला. वेगवान दाण्याला 60 मिलिमीटर कापायला सुमारे 18.7 मिलिसेकंद लागतात. अख्खा दाणा कॅमेऱ्यापुढून सरकण्यात 5 जातात, हवा सोडणारा आमचा व्हॉल्व्ह उघडायला 3 घेतो. उरतात 10. मग गरज अशी लिहिली: "दाणा कॅमेऱ्यापुढून पूर्ण गेल्यापासून 10 मिलिसेकंदांत निर्णय, त्या वेळेत एका दाण्यापासून दुसऱ्यापर्यंत 0.2 मिलिसेकंदांहून जास्त चढउतार नको." साधा संगणक सरासरीने हे 10 गाठेलही, पण नेहमीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चढउताराची हमी देता येत नाही. एफपीजीए घेण्याचं कारण हे वाक्य होतं. तुमच्या कागदात असं एकही वाक्य सापडत नसेल, तर मायक्रोकंट्रोलर किंवा संगणक घ्या. काम स्वस्तात आणि लवकर होईल.

यानंतर चिप. आमच्या डोळ्यांसमोर झायलिंक्सच्याच आर्टिक्स-7 मालिकेतली 35टी होती: 20,800 एलयूटी (लॉजिक रचायचे छोटे तुकडे), 90 डीएसपी ब्लॉक (गुणाकार-बेरजेचे) आणि ब्लॉक रॅम, म्हणजे चिपच्या आतली मेमरी, 1,800 किलोबिट. एलयूटी पुरतील का, हे सगळे विचारतात. अडतं बहुतेक वेळा मेमरीवर. एका रंगीत ओळीला 49,152 बिट लागतात, म्हणजे सगळी ब्लॉक रॅम दिली तरी 37 ओळी मावतात. एक दाणा 75 ओळींचा असतो, म्हणजे एक दाणा सरकेपर्यंतचं पूर्ण रुंदीचं रंगीत चित्रसुद्धा आत मावत नाही. पण प्रत्येक पिक्सेल आल्या आल्या "काळा की नाही" एवढाच एक बिट ठेवला, तर त्याच जागेत 900 ओळी बसतात. म्हणून कागदावर ठळक ओळ गेली: "पहिल्या टप्प्यात चित्र साठवलं जाणार नाही." डिझाइनने चिपचा 70 टक्क्यांहून जास्त भाग वापरू नये, हीही अट मी घालते. त्यापलीकडे टायमिंग बसवताना, म्हणजे सगळे सिग्नल ठरल्या वेळेत पोहोचवताना, जीव मेटाकुटीला येतो.

पिनांचं सोपं होतं. 64 नोझलना 64 पिना लागत नाहीत. शिफ्ट रजिस्टरमधून (एकाच तारेवरून एकामागून एक आलेले बिट अनेक आउटपुटवर मांडणारी चिप) 10 मेगाहर्ट्‌झवर 64 बिट पाठवायला 6.4 मायक्रोसेकंद लागतात, आणि आपला हिशोब मिलिसेकंदांचा आहे. मात्र यंत्रावरचे सेन्सर 24 व्होल्टचे आणि चिपच्या पिना 3.3 व्होल्टपर्यंतच्या, म्हणून मधल्या आयसोलेशनची, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवण्याची, नोंद पहिल्याच पानावर घेतली.

दोन गोष्टी हटकून राहून जातात. पहिली, वीज आल्यानंतरचे क्षण. एफपीजीए रिकाम्या डोक्याने जागी होते आणि आपला आराखडा बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीतून वाचते. 35टीसाठी ते सुमारे पावणेदोन कोटी बिट आहेत. 50 मेगाहर्ट्‌झवर एका तारेने 0.35 सेकंद, चार तारांनी 0.1 सेकंदाच्या आत. तेवढ्या काळात व्हॉल्व्ह उघडे राहिले तर? एका जुन्या कामात ही ओळ लिहिलेली नव्हती आणि वीज आली की सगळे व्हॉल्व्ह एकदम फुसकन उघडायचे. ऑपरेटर यंत्राजवळ जायला घाबरू लागला होता. आता माझ्या प्रत्येक कागदात असतं: "चिप तयार होईपर्यंत सगळे आउटपुट बंद, आणि ते बोर्डावरच्या रेझिस्टरने, कोडने नव्हे." दुसरी गोष्ट तापमान. पत्र्याच्या शेडमधली बंद पेटी उन्हाळ्यात भट्टी होते. व्यावसायिक श्रेणीच्या चिपला आतलं तापमान 85 अंशांपर्यंत चालतं, औद्योगिक श्रेणीला 100. आम्ही औद्योगिक लिहिली.

स्वीकाराची चाचणी गरजांच्याच कागदावर हवी, नंतर नको. आमची अशी होती: 1000 दाणे, त्यात मोजून 50 खराब, काकांनी स्वतः मिसळलेले. निदान 47 उडाले पाहिजेत, आणि चांगल्यातले 20 हून जास्त जाता कामा नयेत. सलग तीनदा.

काय करणार नाही, तेही लिहा. काड्या ओळखणं, आकारमानाने प्रतवारी आणि मोबाइलवर अहवाल, हे सगळं दुसऱ्या टप्प्यात गेलं. काकांना काड्यांचं जरा लागलं, पण काडीचा रंग तपकिरी दाण्याच्या इतका जवळ आहे की ते वेगळंच काम आहे, हे बरण्यांमधले नमुने दाखवल्यावर त्यांना पटलं.

सही व्हायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, उडवलेल्या दाण्याचा फोटो दिसेल का? बाया विचारतील, का उडवला म्हणून." मागणी रास्त होती. मी हो किंवा नाही न म्हणता कागदाला एक पान जोडलं: बाहेरची डीडीआर3 मेमरी लागेल, खर्च इतका वाढेल, बोर्डाला तीन आठवडे जास्त लागतील, निर्णयाच्या 10 मिलिसेकंदांवर परिणाम नाही. ते पान वाचून काका म्हणाले, मेमरी आत्ताच लावा, फोटोचं पुढच्या हंगामात बघू. मेमरी सोल्डरच्या ढिगात गेली, फोटो कोडच्या. चौथ्या दिवशी बोर्डाची ऑर्डर गेली.